तोटी बंद केल्यावर : इयत्ता नववीच्या प्रकल्पाच्या नोंदी

६ जानेवारी २०२५, सोमवार

जलसुरक्षा विषयाच्या प्रकल्पासाठी आज नववीच्या वर्गावर पहिली तासिका घेतली. 'ज्यांच्याशिवाय आपला दिवस जाणार नाही अशा पाच वस्तू लिहा', एवढेच फळ्यावर लिहिले आणि दुसरी कोणतीही सूचना दिली नाही. अडतीसपैकी चौतीस जणांच्या यादीत मोबाइल होता. त्याखालोखाल पंखा, सायकल आणि टीव्ही यांचा क्रम लागला. नळ फक्त एका मुलीने लिहिला. ती दुष्काळी जत तालुक्यातील असून शिक्षणासाठी येथे सांगलीत मामाकडे राहते. काडेपेटी, दिव्याचे बटण, मोरी, सुई-दोरा यांपैकी एकही वस्तू कोणाच्या यादीत नव्हती.

यात मुलांची चूक आहे असे मला वाटत नाही. मोबाइल हट्टाने मागावा लागतो, तो मिळाल्याचा दिवस लक्षात राहतो आणि परीक्षेच्या काळात तो काढूनही घेतला जातो, त्यामुळे तो असण्या-नसण्यातला फरक मुलांना ठाऊक असतो. नळ त्यांच्या जन्माआधीपासून भिंतीत बसलेला आहे. म्हणून मी पुढचा प्रश्न वेगळ्या रीतीने विचारला: ऑगस्ट २०१९ च्या पुरात तुमच्या घरी सगळ्यांत आधी काय संपले? सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आहे आणि त्या वेळी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. ही मुले तेव्हा आठ-नऊ वर्षांची होती, तरी हात भराभर वर आले. गावभाग वस्तीतील एका मुलाने सांगितले, की त्यांच्या जिन्याच्या सातव्या पायरीपर्यंत पाणी होते आणि वरच्या मजल्यावर सहा माणसांत पिण्याच्या पाण्याच्या चार बाटल्या होत्या. आजी घोटभर पिऊन बाटलीचे झाकण घट्ट लावायची आणि ती उशाशी ठेवायची. पुरात नदीकाठचे पंप आणि त्यांचा वीजपुरवठा बंद ठेवावा लागतो, म्हणून नदी दारात आलेली असताना नळ कोरडा पडतो, हे त्या मुलाला कोणी शिकवावे लागले नव्हते.

प्रकल्पाचा विषय तेथेच ठरला. घरातील सर्व तोट्या एक आठवडा बंद ठेवायच्या आणि काय घडते ते लिहायचे.

७ जानेवारी, मंगळवार

नियम ठरवले. घरातील तोट्या बंद राहतील आणि लागेल ते पाणी घराबाहेरच्या एका ठिकाणाहून, म्हणजे अंगणातील, वाड्यातील किंवा इमारतीच्या आवारातील नळावरून, भरून आणायचे. विद्यार्थ्यांनी आठ लिटरच्या कळशीपेक्षा मोठे भांडे उचलायचे नाही. आजारी माणसे, तान्ही मुले आणि वृद्ध यांना सवलत राहील, आणि शौचालयाच्या स्वच्छतेत कोणतीही काटकसर करायची नाही. अडतीसपैकी एकतीस पालकांनी संमती दिली. उरलेल्या सात घरांची अडचण खरी आहे. दोन ठिकाणी आई नोकरी करून सायंकाळी सातला परतते, तर एका घरी आजोबा अंथरुणाला खिळून आहेत. त्यांच्यावर आग्रह केला नाही.

नोंदीसाठी चार रकान्यांचा तक्ता मी दिला: वेळ, भांडे, लिटर, कशासाठी. हाच प्रयोग माझ्याही घरी करीन असे वर्गात सांगितले.

९ जानेवारी, गुरुवार

तोटी बंद करण्यापूर्वी आमच्या घरचा एका दिवसाचा खर्च मोजला. घरात पाच माणसे आहेत: मी, माझे यजमान, सासूबाई, बारावीतील मुलगी आणि सातवीतील मुलगा. दिवसभरात ५८० लिटर पाणी लागले, म्हणजे माणशी ११६. शहरी पाणीपुरवठ्यासाठी धरले जाणारे प्रमाण माणशी १३५ लिटर आहे, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण घरांसाठी माणशी ५५ लिटरचे उद्दिष्ट धरले आहे. आमचा खरा खर्च ११६ पेक्षा जास्त असणार, कारण मोजायला बसलेला माणूस आपोआप हात आखडता घेतो.

स्वयंपाकघरातील तोटी घड्याळ लावून बादलीत सोडली तेव्हा एका मिनिटात नऊ लिटर पाणी आले. रात्रीची भांडी घासायला चौदा मिनिटे लागली आणि तेवढा वेळ तोटी सुरूच होती. म्हणजे पाच माणसांच्या जेवणाच्या भांड्यांवर १२६ लिटर पाणी गेले. हा आकडा मी दोनदा तपासला.

१० जानेवारी, शुक्रवार

पहिला दिवस. आमचे घर तिसऱ्या मजल्यावर असून जिन्याला अठ्ठेचाळीस पायऱ्या आहेत. उद्वाहन वापरायचे नाही असे ठरवले होते. आवारातील नळावर पंधरा लिटरचा हंडा भरून वर आणायला सहा मिनिटे लागतात, आणि तिसऱ्या खेपेनंतर आठ. दिवसभरात बारा खेपा झाल्या, म्हणजे १८० लिटर. काल जे काम ५८० लिटरमध्ये झाले, तेच आज एक तृतीयांशाहून कमी पाण्यात उरकावे लागले. भांडी दोन घमेल्यांत घासली आणि बावीस लिटरमध्ये ती स्वच्छ निघाली. कपडे धुतलेले पाणी बादलीत राखून ठेवले आणि शौचालयात वापरले. तेथील टाकी एका वेळी दहा लिटर सोडते हे आजवर माझ्या ध्यानात आले नव्हते.

सासूबाईंचे माहेर आटपाडी तालुक्यातील. गावच्या आडावरून पोहऱ्याने शेंदून, डोक्यावर चुंबळ ठेवून त्यांनी वयाच्या नवव्या वर्षापासून पाणी आणले आहे. माझी वही पाहून त्या म्हणाल्या, "अगं, आमच्यात लिटर कुणाला ठावं हुतं? पाणी खेपांनी मोजायचं. पाव्हणं दारात दिसलं की आदी मनात यायचं, आता दोन खेपा वाढल्या." त्यांच्या या एका वाक्याने माझ्या तक्त्याचे मापच बदलले. लिटर म्हणजे पाण्याचे माप, तर खेप म्हणजे माणसाच्या अंगमेहनतीचे. पाहुणा आल्याचा आनंद आणि त्याच्यामुळे वाढलेल्या दोन खेपा या दोन्ही गोष्टी त्या मुलीच्या मनात एकाच वेळी येत होत्या, आणि तरीही तिला हसतमुखाने पाण्याचा तांब्या पुढे करावा लागत होता. आजपासून वहीत लिटरच्या आधी खेपा लिहीत आहे.

११ जानेवारी, शनिवार

अकरा खेपा. खांदा दुखत आहे. मुलाने दात घासताना पेल्यात पाणी घेतले आणि त्याला एका पेल्यात दात घासता येतात याचे फार नवल वाटले.

१३ जानेवारी, सोमवार, भोगी

आज चौदा खेपा झाल्या. भोगीची मिश्र भाजी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, खिचडी असा बेत असल्यामुळे भांडी दुप्पट पडली आणि सणासाठी डोक्यावरून न्हाण्याचे पाणी वेगळे लागले. तेलकट कढई थोड्या पाण्यात निघेना, तेव्हा सासूबाईंनी चुलीची राख नाही म्हणून चाळलेल्या कणकेचा कोंडा मागितला, कढईत तो चोळला, नारळाच्या शेंडीने घासले आणि मग दोन तांबे पाण्यात कढई लख्ख झाली. कोंड्याने तेल शोषले जाते आणि शेंडीने ते पुसून निघते, त्यामुळे पाण्याला शेवटचे थोडेच काम उरते. तोटी सुरू असताना ते सगळे काम आपण पाण्याकडून करून घेतो.

मोरीबद्दलही लिहायला हवे. पाणी वर आणताना अठ्ठेचाळीस पायऱ्या मोजाव्या लागतात. वापरलेले पाणी खाली नेण्यासाठी मात्र आम्हाला एकही पायरी उतरावी लागली नाही. मोरीचे तोंड बंद करून सांडपाणीही हंड्यानेच खाली न्यावे लागले असते, तर आजच्या चौदा खेपांच्या अठ्ठावीस झाल्या असत्या. सासूबाईंच्या माहेरी सांडपाण्याचा पाट अळूच्या वाफ्यात सोडलेला होता, म्हणजे त्या पाण्याला आणखी एक काम नेमून दिलेले होते.

१५ जानेवारी, बुधवार

संक्रांतीच्या सुट्टीनंतर वर्गात एकतीस वह्या तपासल्या. नोंदी व्यवस्थित होत्या, आकडे जुळत होते, काहींनी आलेखही काढले होते. एका मुलाची वही सर्वांत सुबक होती: रोजच्या सोळा खेपा, वेळ मिनिटांत, भांड्याची आकृती. मी सहज विचारले, "सोळा खेपा करून दमला नाहीस का?" तो म्हणाला, "बाई, पाणी ताई आणते. मी नोंद करतो."

त्याने हे अगदी सरळपणे सांगितले, कारण त्यात काही लपवण्यासारखे आहे असे त्याला वाटत नव्हते. मी एकेक वही पुन्हा उघडून प्रत्येकाला विचारत गेले. एकतीसपैकी बावीस घरांत पाणी मुख्यतः आई, बहीण किंवा आजी आणत होती. सतरा मुलग्यांपैकी स्वतः कळशी उचलणारे चौघेच होते. तक्त्याचा आराखडा माझा होता आणि त्यात 'कोणी आणले' हा रकानाच नव्हता, त्यामुळे हा सगळा भाग वह्यांतून निसटला होता. घरी आल्यावर माझ्या स्वतःच्या वहीकडेही त्याच नजरेने पाहिले. काल रात्रीपर्यंतच्या पाच दिवसांत एकोणसाठ खेपा झाल्या होत्या, आणि मुलगी व मी आठवून मोजू लागलो तेव्हा त्यांतल्या बेचाळीस आम्हा दोघींच्या निघाल्या. यजमानांनी कधी नकार दिला नव्हता. पण पाणी संपत आल्याचे लक्षात ठेवणे हे काम त्यांच्याकडे कधी गेलेच नव्हते, आणि ज्याच्या लक्षात राहते तोच हंडा उचलतो.

नळ बंद झाला की त्याचे काम नाहीसे होत नाही, ते घरातील कोणाच्या तरी अंगावर जाते, आणि ते कोणाच्या अंगावर जावे हे घराने पूर्वीच ठरवून ठेवलेले असते. पाणी किती लागते यापेक्षा हे नोंदवणे मला अधिक महत्त्वाचे वाटू लागले आहे. उद्यापासून प्रकल्प आणखी आठ दिवस वाढवला. पाचवा रकाना घातला, आणि आपल्या घरच्या निम्म्या खेपा तरी विद्यार्थ्याने स्वतः करायच्या असा नियम केला. माझ्या घरी सर्वांची नावे लिहिलेला कागद दारामागे लावला.

१७ जानेवारी, शुक्रवार

विज्ञानाच्या तासाला पंपाचे गणित केले, आणि ते मुलांपेक्षा मलाच अधिक हलवून गेले. आमच्या इमारतीत जमिनीखालील टाकीपासून गच्चीवरील टाकीपर्यंत सुमारे १५ मीटर उंची आहे. पाच माणसांच्या घरासाठी, माणशी १३५ लिटरप्रमाणे, ६७५ लिटर पाणी रोज तेवढे वर चढवायचे तर ६७५ × ९.८ × १५, म्हणजे जवळपास एक लाख ज्यूल कार्य करावे लागते. विजेचे एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. पंपाने घेतलेल्या विजेपैकी एक तृतीयांशच कामी येते असे धरले, तरी हे सगळे पाणी एका युनिटच्या बाराव्या भागात वर पोहोचते.

आता तेच पाणी पंधरा लिटरच्या हंड्याने आणायचे ठरवले तर पंचेचाळीस खेपा होतात. सहा मिनिटांची एक खेप धरली तर साडेचार तास. शिवाय माणूस पंधरा किलो पाण्याबरोबर स्वतःचे पन्नास-साठ किलो वजनही प्रत्येक वेळी वर चढवत असतो, त्यामुळे त्याच्या श्रमाचा मोठा वाटा पाण्याच्या वाट्याला येतच नाही. एका बाजूला युनिटचा बारावा भाग आणि दुसऱ्या बाजूला एका बाईचे साडेचार तास, हे दोन आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहून मी काही वेळ बोलले नाही. आपल्याच जिल्ह्यातील किर्लोस्करवाडीचा कारखाना १९१० मध्ये उभा राहिला; तेथील लोखंडी नांगरांची आणि पुढे पंपांची गोष्ट मुलांना पाठ्यपुस्तकासारखी ठाऊक आहे. पंप म्हणजे कोणाच्या तरी डोक्यावरून उतरलेला हंडा, असा विचार त्या गोष्टीच्या जोडीने त्यांच्यापुढे आज पहिल्यांदा ठेवता आला.

२० जानेवारी, सोमवार

ज्या सात विद्यार्थ्यांना घरी प्रयोग करता आला नाही, त्यांना यादीत न आलेल्या दुसऱ्या वस्तू दिल्या होत्या. त्यांच्या नोंदी थोडक्यात लिहिते.

काडेपेटीचा प्रयोग घरी करू देणे धोक्याचे होते, म्हणून तो माझ्या देखरेखीखाली प्रयोगशाळेत झाला. गारगोटीवर पोलाद घासून कापसावर ठिणगी धरायला चौघांना पंचवीस मिनिटे लागली. सुरक्षित काडेपेटीची मूळ कल्पना गुस्ताफ एरिक पाश या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाची, १८४४ सालची. काडीच्या गुलात पोटॅशियम क्लोरेट आणि पेटीच्या कडेला तांबडा फॉस्फरस, असे दोन पदार्थ वेगळे ठेवल्यामुळे ती काडी खिशात आपोआप पेटत नाही. काडेपेटी घरोघरी येण्याआधी निखारा राखेखाली झाकून रात्रभर जपायचा आणि तो विझला तर शेजारून विस्तव आणायचा, अशी रीत होती. 'त्या दोघांतून विस्तव जात नाही' हा वाक्प्रचार मुलांनी व्याकरणात पाठ केला होता. ज्या दोन घरांत विस्तवाचीही देवाणघेवाण उरली नाही, त्यांच्यातील वैर किती टोकाचे असेल, हे गारगोटी घासून दमल्यावर त्यांना उमगले.

दिव्याच्या बटणाची नोंद तिघांनी केली. सायंकाळी दोन तास त्यांनी कंदिलाच्या उजेडात अभ्यास केला. काच पुसणे, वात कातरणे, तेल भरणे ही कामे रोज दिवस मावळण्यापूर्वी कोणीतरी करत असे, असे त्यांना आजोबांनी सांगितले. ते कोणीतरी म्हणजे कोण, हा प्रश्न आता मला विचारावा लागला नाही. एका मुलीने तो आजोबांना आधीच विचारला होता आणि उत्तर वहीत लिहिले होते: 'आत्या'.

२२ जानेवारी, बुधवार

सासूबाईंना वर्गात बोलावले. त्यांनी साडीच्या जुन्या तुकड्याची चुंबळ करून दाखवली, आणि डोक्यावर घागर व कमरेवर कळशी घेऊन चढणीला मान कशी ताठ ठेवायची हेही. मुलांनी पाणी किती दूर होते, साप निघायचा का, शाळा कधी असायची, असे पुष्कळ प्रश्न विचारले. शेवटच्या प्रश्नाला त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "तिसरीनंतर न्हाई गेले. धाकट्याला शाळंत घातलं, मग पाण्याला कोण जाणार?" त्यांच्याबरोबर एका घरात राहून मला वीस वर्षे होत आली, आणि त्यांची शाळा पाण्यासाठी सुटली हे मला आज वर्गात, मुलांच्या शेजारी उभे राहून कळले.

त्यानंतर मिरजेच्या पाण्याच्या रेल्वेचे गणित घेतले. एप्रिल २०१६ मध्ये, दुष्काळात, लातूरसाठी मिरजेतून 'जलदूत' गाडी निघाली. पहिल्या फेरीत दहा वाघिणींतून, म्हणजे टाकीच्या डब्यांतून, ५ लाख लिटर पाणी गेले आणि पुढे पन्नास वाघिणींतून एका फेरीला २५ लाख लिटर जाऊ लागले. २०११ च्या जनगणनेनुसार लातूर शहराची लोकसंख्या सुमारे ३.८ लाख होती. म्हणजे पन्नास वाघिणींची गाडी साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास धावून पोहोचली, तरी माणशी साडेसहा लिटरच पाणी येत होते. 'आमच्या कळशीपेक्षाही कमी', असे मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले. पंधरा दिवस कळशी उचलल्यामुळे साडेसहा लिटर म्हणजे किती, हे त्यांच्या हातांना कळत होते.

२४ जानेवारी, शुक्रवार

वाढवलेले आठ दिवस काल संपले आणि आज वह्या जमा झाल्या. पाचवा रकाना आल्यानंतर जवळपास प्रत्येक घरातील एकूण खेपा कमी झाल्या आहेत. सुबक वही ठेवणाऱ्या त्या मुलाच्या घरी रोज सोळा खेपा होत होत्या, त्या दहावर आल्या. त्याने कारणाच्या रकान्यात लिहिले आहे, 'मी अंघोळीला दीड बादली घेत होतो, आता एक घेतो, कारण ती मला आणावी लागते.' आमच्या घरीही बारावरून नऊवर आलो. कोणालाही काटकसरीचा उपदेश केला नव्हता. वापरणारा आणि आणणारा एकच झाला, एवढाच बदल होता.

तीन घरांत खेपा कमी झाल्या नाहीत. त्यांपैकी एका घरी मुलाने आपल्या वाटणीच्या खेपांवर नाव स्वतःचे लिहिले होते, पण अक्षर बहिणीचे होते. त्याच्याशी एकट्याने बोलले. सोमवारी तो पुन्हा आठ दिवस सुरू करणार आहे, या वेळी प्रकल्पासाठी नव्हे, असे त्यानेच सांगितले.

२७ जानेवारी, सोमवार

घरच्या तोट्या शुक्रवारी रात्री उघडल्या. पहिल्यांदा हवा सुटल्याचा आवाज आला, मग थोडे गढूळ आणि मग स्वच्छ पाणी. मुलीने भांडी तोटीखाली घेतली, मग स्वतःच तोटी बंद केली आणि दोन घमेली मांडली. दारामागचा नावांचा कागद यजमानांनी काढू दिला नाही. त्यावर आता गच्चीची टाकी धुणे, गॅस सांगणे आणि दूध आणणे ही कामे लिहिली आहेत.

वर्गात अहवालाचे वाटप सुरू असताना जतची ती मुलगी वही घेऊन टेबलाजवळ आली. सर्वांच्या तोट्या उघडल्या, पण गावाकडे तिच्या आईच्या खेपा अजून सुरू आहेत, कारण तेथे नळाला पाणी रोज येत नाही. तेव्हा आईची नोंद कोणत्या तक्त्यात लिहावी, असे तिने विचारले. मी अहवालाच्या शेवटी एक कोरा तक्ता जोडला आणि तो वर्षभर चालू ठेवण्याचे ठरवले. ती दर रविवारी फोनवर आईला विचारून त्यात लिहिणार आहे. कालची पहिली नोंद तिने आज भरली: २६ जानेवारी, सकाळी सहा ते साडेसात, घागर, पाच खेपा, विहिरीपासून घरापर्यंत चारशे पावले, आणणारी : आई.